सही करण्याआधी

तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात होतं. खडीचा थर जागेवर सहा इंच, ठेकेदाराचं बिल ज्यावरून निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत नऊ, आणि खाली सही तुझी हवी. पहिलं काम, सही करू नकोस. आजारी पड हवं तर!

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही असंच पाहिलं आणि गप्प बसलो. भित्रा होतो म्हणून नव्हे. आधीच्या एकाची तक्रार साहेबांच्या कपाटात धूळ खात पडलेली पाहिली होती. माणूस बोलतो ते वर कुणी ऐकेल असं वाटलं तरच. बदलीची भीती असतेच, पण शेजारच्या टेबलावरून चहाची हाक बंद होईल ही भीती जास्त पोखरते.

तुझं खातं केंद्राचं आहे, म्हणून केंद्रीय दक्षता आयोगाकडे जनहित प्रकटीकरणाखाली, म्हणजे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणाऱ्या सोयीखाली, लिहिता येतं. नाव-पत्ता आतल्या पत्रात, पाकिटावर नाही. निनावी पत्राची दखल घेत नाहीत. ही सोय 2004 ची. त्याआधी 2002 मध्ये महामार्गाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा म्हणून पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं. ते पत्र नावासकट खात्यांत फिरलं आणि पुढे गयेत त्यांचा खून झाला. म्हणून कार्यालयाच्या संगणकावर टाइप करू नकोस, आवक-जावकमधूनही पाठवू नकोस.

आधी तारखेसह फोटो काढ, टेप लावून. घरी वहिनींना सांगून ठेव.