५०० चा प्लॅन, स्पीड टेस्टवर ९३: राउटर घेण्याआधी

कोणता राउटर घ्यावा, या तुमच्या प्रश्नातली एकच ओळ सगळ्यात कामाची आहे: फायबरचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ५०० केला, तरी स्पीड टेस्ट ९३-९४ च्या वर जातच नाही. भाच्याने सुचवलेला आठ अँटेनांचा वाय-फाय ७ राउटर तूर्त बाजूला ठेवा. आकडा कधी ४०, कधी १४० असा हेलकावे खात असता, तर मी आधी वाय-फायवर संशय घेतला असता. पण दर वेळी तो ९३-९४ ला येऊन अडत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट नाहीतर अर्धी मेलेली केबल आहे. १०० च्या इथरनेट (वायरच्या) जोडणीतून पॅकेटची, म्हणजे डेटाच्या पुडक्यांची, वेष्टनं वजा जाता हाती एवढंच लागतं. गिगाबिट पोर्टातून असंच ९४० च्या आसपास मिळतं. हे दोन आकडे ओळखीचे झाले की अर्धं निदान घरबसल्या होतं.

आता शोध कसा घ्यायचा ते. लॅपटॉप आधी वायरने राउटरला जोडा आणि विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. तिथे १००/१०० दिसतं की १०००/१०००? मग राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट कंपनीच्या पेटीला, म्हणजे ओएनटीला, जोडून तेच बघा. (ओएनटी नुसत्या ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे देत असेल, तर लॅपटॉपवर तेवढ्यापुरतं पीपीपीओई लॉगिन, म्हणजे कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड, टाकावं लागेल. पण लिंक स्पीड त्याशिवायही दिसतो.) १००० दिसलं तर ओएनटी आणि ती केबल निर्दोष. १०० दिसलं तर केबल बदलून पुन्हा बघा.

केबलवर माझा रोख आहे त्याला कारण आहे. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. क्रिम्पिंग करताना (केबलच्या टोकाला प्लग बसवताना) एक तार नीट बसली नाही, किंवा वायरमनने चारच तारा जोडल्या, की दोन्ही उपकरणं गुपचूप १०० वर तडजोड करतात. कुठे लाल दिवा नाही, एरर नाही, नेट व्यवस्थित चालू. प्लॅन १०० चा असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. केबलच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलेलं असलं की गिगाबिटला पुरे. दोन मीटरची तयार केबल आणून लावणं हा यातला सगळ्यात स्वस्त प्रयोग. तो न करता थेट राउटर आणायचा म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ओएनटीला १००० दिसलं आणि केबलही ठीक निघाली तर दोष तुमच्या जुन्या राउटरचा, आणि मग तो बदलायलाच हवा. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘ड्युअल बँड १२००’ आणि मागच्या बारीक यादीत ‘१०/१०० पोर्ट’ असे राउटर भरपूर विकले गेलेत. तो १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची ढोबळ बेरीज. फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो, तेव्हा ती बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. आणि पोर्टच १०० चं असल्यावर हवेतला वेग कितीही असो, बाहेरून आत ९४ च येणार. नवा राउटर बघताना म्हणूनच पहिली ओळ पोर्टची वाचा: वॅन (कंपनीकडून येणारी वायर लावायची बाजू) आणि लॅन (घरातली उपकरणं जोडायची बाजू) दोन्हीकडे १०/१००/१००० हवं. २.५ गिगाबिटचं वॅन पोर्ट ५०० च्या प्लॅनला लागत नाही. पुढे गिगाबिटच्या वरचा प्लॅन घ्यायचा विचार असेल तरच बघा, आणि तेव्हा लॅनकडेही निदान एक पोर्ट २.५ चं आहे ना, हे तपासा.

आता वाय-फाय. वाय-फाय ६ मध्ये दोन स्ट्रीमच्या (एका वेळी दोन समांतर प्रवाह चालवणाऱ्या) फोनला, म्हणजे यादीत २×२ लिहिलेलं असतं त्याला, ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर १२०१ एमबीपीएसची लिंक मिळते. लिंक म्हणजे हाती येणारा वेग नव्हे. त्याच खोलीत त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त धरा, भिंत आली की आणखी कमी. म्हणजे ५०० चा प्लॅन एका साध्या वाय-फाय ६ राउटरवर राउटरच्या खोलीत पूर्ण मिळू शकतो. १६० मेगाहर्ट्झला लिंक दुप्पट होते, पण ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढी रुंद जागा घ्यायची तर बहुतेक ठिकाणी रडारबरोबर वाटून घेतलेल्या चॅनेलवर जावं लागतं. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि तसल्या चॅनेलवर यायच्या आधी निदान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो. विमानतळाजवळ किंवा बंदराजवळ राहणाऱ्यांनी ८० वरच सुखात राहावं.

भाच्याच्या राउटरबद्दल: वाय-फाय ७ वाईट नाही, पण त्याचा फायदा समोरचा फोनही वाय-फाय ७ चा असेल तेव्हाच. त्याची खरी ऐट ६ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये आहे. तो वापरायची मुभा आणि मर्यादा देशागणिक वेगळ्या, आणि भिंतीपुढे तो ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर दमतो. शिवाय वाय-फाय ७ लिहिलेल्या काही मॉडेलांत हा बँड नसतोच. अँटेना मोजून तर काहीच कळत नाही. आठ शिंगं दिसली तरी सगळे बँड मिळून ती वाटलेली असतात. ५ गिगाहर्ट्झला २×२ आहे की ४×४, तेवढं बघा.

तुमचं घर लांबट, तीन खोल्या एकामागे एक, आणि ओएनटी दाराशी. इथे राउटरच्या मॉडेलपेक्षा जागेने जास्त फरक पडेल. फायबरची बारीक कॉर्ड ओढत, वाकवत आत नेऊ नका, तीव्र वळणावर प्रकाश गळतो. ओएनटी आहे तिथेच राहू दे, तिथून कॅट ६ ची एक केबल मधल्या खोलीत न्या आणि राउटर तिथे उघड्यावर, जरा उंच ठेवा. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर नको. एवढं करून शेवटच्या खोलीत कमी पडलं, तरच मेशचा दुसरा नोड, म्हणजे त्याच वाय-फायची दुसरी जोडपेटी, घ्या, आणि शक्यतो तोही वायरने जोडा. वायर नेणं अशक्यच असेल तर नोड सिग्नल मरतो त्या कोपऱ्यात न ठेवता अर्ध्या वाटेवर ठेवा, कारण तो जे ऐकतो तेच पुढे सांगतो. एकाच बँडवर ऐकणं आणि सांगणं दोन्ही करणारा स्वस्त रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो.

यादीत सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे प्रोसेसर. पीपीपीओई आणि नॅट (घरातली सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्यावर चालवणं) हे काम राउटरमध्ये हार्डवेअरकडे सोपवलेलं असतं तोवर ५०० काय, ९०० ही आरामात जातात. क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) किंवा पालक-नियंत्रण चालू केलं की कित्येक राउटरांत तेच काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं आणि वेग धाडकन उतरतो. नवा राउटर हळू वाटला तर आधी ही बटणं बंद करून बघा. विकत घेताना उत्पादक सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार तेही शोधा. मी तरी डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) आणि अपडेटचं स्पष्ट आश्वासन असलेला वाय-फाय ६ चा साधा एएक्स ३००० घेईन, कोणी फुकट दिला तरी अपडेट बंद होऊन अनाथ झालेला भारी राउटर घेणार नाही.

फक्त संध्याकाळी नेट मंदावत असेल तर त्यावर राउटर हा इलाज नाही. जीपॉन जातीच्या फायबरमध्ये एका लाइनचे २.४८८ गिगाबिट स्प्लिटरवरून (एका फायबरच्या अनेक फांद्या करणाऱ्या पेटीवरून) ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असू शकतात. तसंच राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसली, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडायचा असेल तर त्याचं कंपनीशीच बोलावं लागेल.

राउटर बदलाल त्या दिवशी जुन्याला रीसेट करायच्या आधी त्यातलं पीपीपीओईचं युजरनेम आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जोडणीच्या सेटिंगमधला) नंबर उतरवून घ्या. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, तो कंपनीकडून मागवावा लागेल. नेट चालूच झालं नाही तर जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) कंपनीकडे बांधलेला आहे का ते विचारा. ओएनटीही राउटरचं काम करत असेल तर त्याला ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, नाहीतर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, चालवा. दोन्हीकडे नॅट नको. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवलेत तर घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर सहसा आपोआप जोडले जातात.