तेल केसांना ओलावा देते की असलेला ओलावा राखते?

प्रश्न : माझे केस कंबरेपर्यंत लांब असून टोकांकडे ते राठ झाले आहेत. केस धुऊन पूर्ण वाळल्यावर मी त्यांना तेल लावते, तरीही दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कोरडे भासतात. तेल केसांना ओलावा देते असे मी आजवर ऐकत आले. अलीकडे मात्र असे वाचनात आले की तेल ओलावा देत नाही, ते फक्त आतला ओलावा कोंडून ठेवते आणि म्हणून ते ओल्या केसांनाच लावावे. यांपैकी खरे काय? आणि या बाबतीत सगळी तेले सारखीच असतात का?

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. ओलावा म्हणजे पाणी, आणि तेलात पाणी नसते; त्यामुळे तेल केसांना ओलावा देत नाही. परंतु ते ओलावा ‘कोंडून ठेवते’ हे दुसरे मतही जसेच्या तसे स्वीकारावे असे मला वाटत नाही, कारण ते त्वचेसाठी खरे असलेले विधान फारसा विचार न करता केसांना लावल्यासारखे आहे. त्वचा जिवंत असते. तिच्या खालच्या थरांतून पाणी सतत वर येते आणि वाफ होऊन हवेत जाते. पेट्रोलियम जेलीसारखा स्निग्ध थर ही वाट अडवतो, आणि आतून येणाऱ्या पाण्यामुळेच त्वचा मऊ राहते. टाळूबाहेर आलेला केस मात्र निर्जीव असतो. त्याला मुळाकडून पाण्याचा पुरवठा होत नाही. त्याच्यात जे पाणी असते ते धुताना शिरलेले असते किंवा भोवतालच्या हवेतून आलेले असते, आणि हवा बदलली की तेही बदलते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर केसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १५ टक्के पाणी असते. केस पूर्ण भिजला की हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाते. तेलाचा थर ही देवाणघेवाण मंद करतो, परंतु थांबवत नाही. हवा कोरडी असेल तर तेल लावलेला केसही काही काळाने तिच्याइतका कोरडा होणारच.

मग तेलाचा उपयोग काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उपयोग मोठा आहे. पण तो समजण्यासाठी पाणी केसाला नेहमी हितकारकच असते ही समजूत थोडी बाजूला ठेवावी लागते. केसाच्या बाहेरील बाजूस कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले पातळ खवले असतात आणि आत केराटिन या प्रथिनाचे तंतू असतात. भिजल्यावर केस लांबीला जेमतेम एक-दोन टक्क्यांनी वाढतो, परंतु जाडीला सुमारे १५ टक्क्यांनी फुगतो. आतला भाग फुगला की वरच्या खवल्यांवर ताण येतो, त्यांच्या कडा उचलल्या जातात, आणि नेमक्या याच अवस्थेत आपण शाम्पू चोळतो, टॉवेलने खसाखसा पुसतो आणि कंगवा फिरवतो. प्रत्येक धुण्याला केसाचे थोडे प्रथिन निघून जाते, खवल्यांचे तुकडे पडतात, आणि फुगणे व आक्रसणे वर्षानुवर्षे चालू राहिल्याने केस दुबळा होतो. पाणी केसात एकदम शिरू नये, याची काळजी घेण्यात तेलाचे खरे मोल आहे. म्हणजेच तेलाचे सर्वांत महत्त्वाचे काम केस धुण्याच्या आधीचे आहे, आणि ‘ओलावा कोंडण्याच्या’ चर्चेत नेमके तेच हरवते.

सगळी तेले हे काम सारख्याच रीतीने करत नाहीत. २००३ साली रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल (पेट्रोलियमपासून शुद्ध करून काढलेले ‘मिनरल ऑइल’) यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी लावा किंवा धुतल्यानंतर लावा, केसातून होणारी प्रथिनांची हानी ठळकपणे कमी झाली ती फक्त खोबरेलाने. याचे कारण त्याच्या घडणीत आहे. खोबरेलातील स्निग्धाम्लांपैकी, म्हणजे तेल ज्यांचे बनते त्या ‘फॅटी ॲसिड’ घटकांपैकी, जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याची साखळी बारा कार्बन अणूंची, म्हणजे आखूड आणि सरळ असल्यामुळे, आणि प्रथिनांशी तिचे चांगले जुळत असल्यामुळे, हे तेल खवल्यांच्या फटींतून केसाच्या आत जाऊ शकते. आत गेलेले तेल पाण्याची जागा अडवते आणि केस कमी फुगतो. सूर्यफुलाच्या तेलात प्रामुख्याने असलेल्या लिनोलेइक आम्लाच्या साखळीला दुहेरी बंधांमुळे बाक असतो, त्यामुळे त्याचा आत शिरकाव होणे कठीण जाते. खनिज तेलाला प्रथिनांची ओढ नसते. ते पृष्ठभागावरच राहते. एरंडेल इतके घट्ट असते की तेही बव्हंशी वरच राहून केसाला जाडसर लेप देते. वर राहणारी तेले निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. ती केसांना गुळगुळीत करतात, केसाला केस कमी घासतो, गुंता सहज सुटतो आणि तुटणारे केस कमी होतात. रोज विंचरल्या जाणाऱ्या लांब केसांसाठी हा लाभ लहान नव्हे.

आता आपल्या टोकांविषयी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कंबरेपर्यंतच्या केसांची टोके पाच वर्षांहून अधिक जुनी असतात. इतक्या काळात शेकडो वेळा भिजून आणि वाळून तिथले खवले झिजलेले असतात, आणि केसाच्या पृष्ठभागाला मुळातच चिकटून असलेला स्निग्धाम्लाचा अतिशय पातळ थरही नाहीसा झालेला असतो. बोटांना जो ‘कोरडेपणा’ जाणवतो तो बहुतांशी हा खडबडीतपणाच असतो. पाण्याचे प्रमाण तिथे मुळांजवळच्या केसांहून फारसे वेगळे असेलच असे नाही. तेलाने टोके लगेच मऊ लागतात ती याचमुळे. ओलावा वाढलेला नसतो. घर्षण कमी झालेले असते. तो थर कपड्यांना, उशीला पुसला गेला की दुसऱ्या दिवशी राठपणा पुन्हा जाणवतो.

म्हणून माझा सल्ला असा, की खोबरेल केस धुण्यापूर्वी काही तास आधी किंवा आदल्या रात्री लावावे, आणि लांबीच्या खालच्या अर्ध्या भागावर अधिक लक्ष द्यावे. शाम्पूनंतर कंडिशनर अवश्य वापरावा, कारण त्यातील धन विद्युतभार असलेले घटक झिजलेल्या, ऋण विद्युतभार असलेल्या जागांना नेमके चिकटतात. हे काम तेल करू शकत नाही. पाणी धरून ठेवणारे घटक हवे असतील तर ग्लिसरीन किंवा पँथेनॉल असलेला कंडिशनर निवडावा. त्यानंतर केस ओलसर असताना दोन-तीन थेंब तेल टोकांना लावल्यास ते पातळ आणि सारखे पसरते. ओलसर केसांना तेल लावण्याचे हे कारण मला ‘ओलावा कोंडण्या’पेक्षा अधिक पटते. टोकांना फाटे फुटलेले असतील तर मात्र ती कापावीच लागतील. फाटलेला केस कोणतेही तेल सांधत नाही.

प्रश्न : माझे केस तेल शोषतात की नाही हे पाहण्यासाठी पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो ते पाहावे, असे सांगतात. ही चाचणी विश्वासार्ह आहे का?

उत्तर : नाही. केराटिन पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे केस तरंगतो तो हलका असल्यामुळे नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे आणि केसाला चिकटलेल्या हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे. केसावर जरासे तेल किंवा कंडिशनर राहिले असेल तरी निकाल बदलतो, आणि एकाच डोक्यावरचे दोन केस दोन वेगळी उत्तरे देतात. त्यापेक्षा धुताना केस किती पटकन भिजतात आणि वाळायला किती वेळ घेतात, याकडे लक्ष द्यावे. ब्लीच केलेले किंवा फार झिजलेले केस चटकन भिजतात आणि सावकाश वाळतात; अशा केसांना धुण्याआधी तेल लावण्याची गरज अधिक असते.