नवीन साहेबांनी आधी एवढंच सांभाळावं

हाताखालच्या माणसांनी नेमून दिलेल्या कामापलीकडे जावं असं वाटतंय ना? मग बक्षिसांच्या मागे लागू नका. पगार-बढती तशीही फारशी तुमच्या हातात नसते. सरकारी नोकरीत लोकांच्या उपयोगी पडायची ओढ ही वेगळीच प्रेरणा असते, हे पेरी आणि वाइज या अभ्यासकांनी १९९० मध्येच मांडलंय. ती मारू नका, सुरुवातीला तेवढं पुरे.

मी मारली होती. आमच्या एका लिपिक बाईंनी जेवणाची सुट्टी सोडून एका आजोबांचा पेन्शनचा अर्ज भरून दिला. मी म्हणालो, "हे आपलं काम नाही." त्यानंतर त्यांनी कुणाचाच अर्ज भरला नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- जो मनापासून करतो त्याच्याच टेबलावर आणखी फायली. कामसू माणसाला ही शिक्षाच.
- स्वखुशीचं काम हुकमाने मागणं.
- रजा आणि कामवाटपात डावं-उजवं. हे सगळ्यांना दिसतं, बोलत कुणी नाही.

आणि काम झालेला माणूस आभार मानायला तुमच्या केबिनमध्ये आला, तर त्याला उठून त्या कर्मचाऱ्याच्या टेबलाशी न्या. मूल्यमापन, अहवाल वगैरे सहा महिन्यांनी बघू.