अमेरिकेत कृष्णवर्णीय गर्भवतींसाठी वेगळी, त्यांच्या संस्कृतीची जाण ठेवणारी प्रसूतिसेवा कशाला? शिक्षण आणि पैसा असला की पुरत नाही का?

नाही, पुरत नाही. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांत हेच प्रमाण १४.५ होतं. फक्त पदवीधर स्त्रियांची तुलना केली तरी दरी मिटत नाही. बऱ्याचदा अडतं ते तक्रार ऐकून घेण्यावर. दुखतंय, धाप लागतेय म्हटलं तरी ते मनावर घेतलं जात नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर प्रसिद्ध टेनिसपटू सेरेना विल्यम्सला फुप्फुसात गुठळी झाल्याची शंका आली, तेव्हा तिच्यासारखीलाही सीटी स्कॅनसाठी हट्ट धरावा लागला! म्हणून या सेवेत भर असतो तो त्यांच्याच समाजातली मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण), प्रसूतीत सोबत करणारी प्रशिक्षित डूला आणि घरच्यांना निर्णयात सामील करून घेणं यांवर. डॉक्टर-नर्सना पूर्वग्रहांबद्दल प्रशिक्षणही देतात (कॅलिफोर्नियात २०१९ च्या कायद्याने ते सक्तीचं झालं, पण नुसतं तेवढं मला तरी अपुरं वाटतं). प्रसूतीत सतत सोबत असली तर सिझेरियन कमी होतात, असं कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात दिसलं. मात्र तो आढावा सगळ्याच स्त्रियांबद्दलचा आहे, आणि वाढलेला रक्तदाब किंवा रक्तस्राव यांवर डूला उपचार करत नाही. त्यासाठी हॉस्पिटलच गाठावं लागतं.