जर्मनीला जाऊन घरी राहायचं असेल, तर निघण्याआधी हे ठरवून घे

तुझा प्रश्न असा, की रत्नागिरीतल्या पतसंस्थेची नोकरी सोडून, दोन वर्षांच्या मुलाला घेऊन, ब्लू कार्डावर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर) निघालेल्या नवऱ्याबरोबर जर्मनीला जावं का. आणि तिथे मुलासाठी घरी राहिले तर माझी किंमत काय राहील? धाकट्या बहिणीच्या वयाची दिसतेस म्हणून एकेरीत लिहिते. मी मूळची देवगडची, आता स्टुटगार्टजवळ असते. मुलं लहान असताना मीही पूर्णवेळ घरी होते.

येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण तू घरी राहणं हा दोघांचा निर्णय असेल, तर त्यात होणारं नुकसानही दोघांनी वाटून घ्यायचं, आणि ते तिकीट काढण्याआधी बोलून घ्यायचं. इथे आल्यावर पगार त्याचा, खातं त्याचं, ऑफिसातली माणसं त्याची. मग तोच विषय काढताना आपल्याला मागितल्यासारखं वाटायला लागतं.

आपल्या कोकणात हे जुनंच आहे. पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. मनीऑर्डर यायची खरी, पण लावणी, गुरं, सासऱ्यांचं दुखणं, मे महिन्यात आमसुलं, साठं, पावसाळ्याची बेगमी, हे सगळं गावातल्या बाईच्या अंगावर. तरी गणपतीला चाकरमानी घरी आला की घर चालवणारा तोच. आणि ती? ‘ती काय, घरीच असते.’ 2024 च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ यात नाही, तो वेगळा मोजलाय. अपघातात गेलेल्या गृहिणीची भरपाई ठरवताना तिच्या घरकामाचं उत्पन्न धरायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये पुन्हा बजावलं. बाई गेल्यावर हिशेब मांडता येतो, मग ती जिवंत असताना का येऊ नये? मला याचा खरंच राग येतो.

इथे हे काम वाढतं. आजी नाही, भांड्यांना मावशी नाही, दारावर मासेवाली येत नाही. मूल तापलं की डॉक्टरशी परक्या भाषेत बोलायचं. पाळणाघराला इथे किटा म्हणतात. ऑगस्ट 2013 पासून एक वर्षावरच्या मुलाचा तिथल्या जागेवर कायद्याने हक्क आहे, पण जागा कमी पडतात. पत्ता मिळाला की त्याच आठवड्यात अर्ज करा. जागा मिळाली तरी सुरुवातीचे काही आठवडे मूल रुळेपर्यंत आईने नाहीतर वडिलांनी सोबत बसावं लागतं. ते कोण बसणार, हेही आधीच बोला.

आता पैशाचं, कारण मान बराचसा तिथेच अडतो. तुझ्या नावाचं बँक खातं पहिल्या महिन्यातच उघड आणि घरखर्चापलीकडची ठरावीक रक्कम दरमहा त्यात येऊ दे. सरकार मुलासाठी किंडरगेल्ड देतं, 2025 मध्ये ते महिना 255 युरो होतं. ते तुझ्या खात्यात घे. नवऱ्याने सरकारी आरोग्य विमा घेतला तर बिनपगारी बायको आणि मूल वेगळा हप्ता न भरता त्यात येतात. खाजगी घेतला तर प्रत्येकाचा हप्ता वेगळा.

पेन्शनचं कुणी सांगत नाही. मुलाच्या पहिल्या तीन वर्षांतला जर्मनीत वाढवण्याचा काळ आईच्या पेन्शनमध्ये धरला जातो, मात्र त्याची नोंद अर्ज करून करून घ्यावी लागते. जुलै 2025 च्या दराने अशा एका वर्षाचे उतारवयात महिना साधारण 40 युरो. तुझा मुलगा दोनाचा झालाय, म्हणजे फार तर शेवटचं वर्ष मिळेल; दुसरं मूल इथे झालं तर पूर्ण तीन. पेन्शन मिळायला किमान पाच वर्षं भरावी लागतात. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे आणि ही अट पुरी करताना आपल्याकडच्या पेन्शन योजनेतली वर्षं जोडता येतात. म्हणून नोकरी सोडताना पीएफबरोबर पेन्शनचे पैसे घाईने काढू नकोस, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची भरलेली वर्षं शाबूत ठेवणारा दाखला, घे.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन यावं लागत नाही, आणि आल्यापासून नोकरीची परवानगी असते. तरी पहिली पातळी रत्नागिरीतूनच ऑनलाइन कर. इथे आल्यावर क्लासच्या संध्याकाळी मूल नवऱ्याकडे, यात तडजोड नको. पुढे नोकरी लागली की करवर्ग, म्हणजे दरमहा पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट, बघ: नवऱ्याचा तीन आणि तुझा पाच असेल तर तुझा हातात येणारा पगार फारच किरकोळ दिसतो, आणि मग घरातलेच म्हणतात, एवढ्याशासाठी कशाला धडपड? वर्षाअखेर दोघांचा मिळून कर तेवढाच येतो. दोघांनी चार घ्या.

फोनवर काकू-मावश्या विचारतील, ‘तिथे सगळी मशिनं, मग दिवसभर करतेस काय?’ मुलाला सांभाळते, घर चालवते, जर्मन शिकते, एवढं सरळ सांग. त्या वेळी नवरा शेजारी असेल तर त्याने बोलायला हवं. त्याच्या एका वाक्याने जेवढं थांबतं तेवढं तुझ्या दहाने थांबत नाही.

पतसंस्थेकडून कामाचं सविस्तर वर्णन असलेलं अनुभवपत्र इंग्रजीत घे. पदवी, विवाह नोंदणी आणि मुलाच्या जन्मदाखल्याची पडताळणी कशी लागते ते जर्मन दूतावासाकडे विचारून ती निघण्याआधीच करून आण, इथून ते करणं फार त्रासाचं जातं. शहर कुठलं ते कळलं की लिही, तिथल्या किटाचा अर्ज कसा करायचा ते बघून सांगते.