जिम लावली आणि वजन वाढलं!

ताई,
दीड महिन्यापूर्वी जिम लावली. आठवड्यातून पाच दिवस न चुकता जाते. अर्धा तास ट्रेडमिलवर भरभर चालते, मग ट्रेनर अर्धा तास वजनं उचलायला लावतो. सुरुवातीला माझं वजन ६८ किलो होतं, आज ६९.८ आहे! सकाळी, जिमहून आल्यावर आणि झोपताना असं तीनदा काट्यावर उभी राहते आणि रडू येतं. खाणं अजिबात वाढवलेलं नाही. फक्त जिमनंतर फार भूक लागते म्हणून दुधातला प्रोटीन शेक आणि मूठभर शेंगदाणे खाते. नवरा म्हणतो, ‘पैसे भरून वजन वाढवणारी तू पहिलीच.’ तो गमतीत म्हणतो, पण लागतं. सोडून देऊ का जिम?
– हताश, वय ३६

प्रिय हताश,

नको सोडूस. आणि तो काटा आजपासून दिवसातून तीनदा बाहेर काढू नकोस. सकाळ ते रात्र यात कुणाचंही वजन किलो-दीड किलोने सहज इकडेतिकडे होतं. जेवण, पाणी, घाम, पोट साफ होणं, सगळं त्यात येतं. तू रडतेस ते बऱ्याचदा नुकत्याच प्यायलेल्या पाण्यावर.

वाढलेल्या वजनातला काही भाग खरंच पाण्याचा असणार. सवय नसलेल्या स्नायूंना काम पडलं की ते दुखतात, आतून थोडे सुजतात आणि पाणी धरतात. शिवाय नेमाने व्यायाम करणारे स्नायू स्वतःजवळ साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, जास्त साठा ठेवू लागतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. ही चरबी नव्हे. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठतं ते वेगळंच. ट्रेनर म्हणत असेल की ‘मसल वाढतोय’, तर ते थोडंफार खरं आहे, पण दीड महिन्यात बाईच्या अंगावर पावणेदोन किलो स्नायू चढत नाहीत. त्या समजुतीवर खूश होऊन बसू नकोस.

आता जरा कटू बोलते. शेक आणि शेंगदाणे हे वाढलेलं खाणंच झालं, बाई! मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास १७० कॅलरी असतात. दुधातल्या शेकच्या दोन-अडीचशे धर. एकूण चारशेच्या घरात गेलीस. तुझ्या वजनाच्या बाईच्या अर्धा तास भरभर चालण्यात जळतात दीडशेच्या आसपास, आणि वजनं उचलण्यात जेमतेम तेवढ्याच. ट्रेडमिलच्या पडद्यावर दिसणारा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, त्याच्या भरवशावर खाऊ नये. म्हणजे जिममध्ये कमावलेलं तू घरी येऊन व्याजासकट परत करतेस. त्यात, ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून उरलेला दिवस खुर्चीत जातोय का, लिफ्ट जास्त वापरली जातेय का, तेही बघ. हे आपल्याही नकळत होतं.

भूक मारू नकोस, ती खरी आहे. फक्त जिमची वेळ अशी ठेव की घरी आल्यावर थेट नेहमीचं जेवणच होईल. मग मधलं काही लागणार नाही. जेवणात प्रथिनं मिळत असतील तर शेकची गरजही नाही. घ्यायचाच असेल तर पाण्यात घे, आणि तेवढं दुसरं काहीतरी कमी कर. आठवडाभर जे तोंडात जाईल ते वहीत लिही, चव बघायला घेतलेला चमचासुद्धा.

वजन आठवड्यातून एकदाच कर. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. तुलना मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी कर. सोबत टेपने कंबर मोज. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धर, सहज श्वास सोड, पोट आत ओढायचं नाही. वजन जागचं न हलता कंबर दोन सेंटिमीटरने उतरली तर काम नीट चाललंय.

नवऱ्याला एकदा स्पष्ट सांग की ही गंमत तुला लागते. तू रडतेस हे त्याला ठाऊक तरी आहे का?

एक मात्र पुढे ढकलू नकोस. सतत थकवा, केस गळणं, थंडी सहन न होणं, पाळी अनियमित असणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखव. थायरॉइड किंवा पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) तपासून घेतलेलं बरं. स्टेरॉइड्स आणि नैराश्यावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचार, मनाने बंद करू नकोस. आणि चार-पाच दिवसांत दोन-तीन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी जा.

सहा आठवड्यांनी कंबर तिथेच असली तर पुन्हा लिही. वहीतली पानंही सोबत पाठव.

– ताई