'मोल वायपर'ला 'चिचुंद्री घोणस' म्हणावे का?

दक्षिण आफ्रिकेतल्या सापांवरच्या एका अनुवादात 'मोल वायपर'साठी 'चिचुंद्री घोणस' हा शब्द योजला आहे. तो योग्य आहे का, असा प्रश्न आहे.

योग्य नाही. चिचुंद्री म्हणजे मोल नव्हे; मोल हा जमिनीखाली बिळे खोदून राहणारा वेगळा छोटा सस्तन प्राणी आहे. मोल महाराष्ट्रात सापडतच नाही, म्हणून त्याला रूढ मराठी नावही नाही. पण खरा घोळ 'घोणस'चा आहे. हा साप (अट्रॅक्टॅस्पिस बिब्रोनी) घोणशीच्या कुळातला नाही. लांब विषदंतांमुळे पूर्वी त्याला त्या कुळात धरत, आणि वर्गीकरण बदलले तरी इंग्रजी नाव तसेच राहिले. घोणस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड अंग, त्रिकोणी डोके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार येतो. हा साप मात्र सडपातळ, काळपट, चकचकीत, साधारण अर्धा मीटर लांब; डोळे बारीक, डोके मानेहून वेगळे दिसत नाही आणि शेपटीच्या टोकाला काटा. बिनविषारी समजून लोक त्याला उचलतात, ते यामुळेच.

आणि फसतात. इतर सापांसारखा मानेमागे धरला तरी तो दंश करतो. तोंड जवळजवळ मिटलेलेच असते. एका बाजूचा विषदंत ओठाखालून बाहेर येतो आणि मानेच्या हिसक्यासरशी मागच्या दिशेने बोटात घुसतो. उंदरांच्या अरुंद बिळात जबडा उघडायला जागा नसते, तिथे पिल्ले मारायला ही रचना सोयीची. दंशाने सहसा जीव जात नाही, पण असह्य वेदना, सूज आणि कधी मांस सडून बोट गमवावे लागते. प्रतिविष उपलब्ध नाही. अंगठी लगेच काढायची, चिरा द्यायचा नाही, आवळपट्टी बांधायची नाही, थेट रुग्णालय गाठायचे.

इंग्रजीत आता 'स्टिलेटो स्नेक' हे नाव रुळले आहे; स्टिलेटो म्हणजे बारीक, टोकदार खंजीर. त्याला 'कट्यार साप' म्हणावे असे वाटेल, पण कट्यारीचे पाते रुंद असते. बारीक, टोकदार आणि खुपसायचे असे आपल्याकडे दाभण आहे. 'खापरखवल्या', 'कवड्या' ही आपल्याकडच्या सापांची नावे जशी अंगावरच्या खुणेवरून पडली, तसे 'दाभणदात्या' चालेल. पहिल्या उल्लेखात शास्त्रीय नाव सोबत द्यावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

क्रियापद मात्र जपून. 'चावला' म्हटले की उघडा जबडा आणि दातांच्या दोन खुणा गृहीत धरल्या जातात. इथे बहुधा एकच भोक दिसते. 'दंश झाला' लिहावे. कृतीचे वर्णन करताना 'विषदंत खुपसला'.